डावीकडचं घर

सोमवार, ३ फेब्रुवारी

आलो एकदाचा. मुलाने सामान चौथ्या मजल्यावर पोचवलं, उभ्या उभ्या चहा घेतला आणि निघाला. तो आणि सून कामासाठी परदेशी चाललेत, तोवर माझा मुक्काम नातीकडे. घर भाड्याचं आहे, पण उजेडाचं आहे. रस्त्याकडची खोली मला दिली आहे. खिडकीतून समोरची लॉन्ड्री दिसते, बसचा थांबा दिसतो. माणसांची ये-जा दिसत राहिली की मला बरं वाटतं.

आल्या आल्या मी सगळं तपासून घेतलं. स्वयंपाकघराच्या दिव्याचं काळं बटण दाराला लागूनच आहे, चाचपडावं लागत नाही. बाथरूमची कडी आतून सहज सरकते. शेगडीच्या बटणांवर खुणा ठळक आहेत. डबे पारदर्शक नाहीत, पण प्रत्येकावर चिठ्ठी आहे. नातीला आम्ही बबडी म्हणतो. ती हसून म्हणाली, आबा, तुम्ही घर बघायला आलात की घर विकत घ्यायला? तिला काय सांगू. मुलगा जाताना जिन्यात तिच्याशी हळू आवाजात बोलला. मला ऐकू येऊ नये म्हणून हळू बोलला, म्हणून मी मुद्दाम ऐकलं. महिनाभर बघ, म्हणाला, आबांना एकट्याने वावरता येतं का. जमलं तर ठीक, नाहीतर वृद्धाश्रमात एक खाट सांगून ठेवली आहे.

तर मला जमायला हवं. एवढंच आहे सगळं.

ही वही बबडीने दिली. दिवसभरात जे जे अडेल ते लिहून ठेवा म्हणाली, तिच्या धंद्यात अशी पद्धत आहे. माझं शिक्षण सातवीपर्यंतचं, पण अक्षर चांगलं आहे. आज काही अडलं नाही.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

बबडी काय करते ते आज कळलं, म्हणजे निम्मं कळलं. फोनवरचं ॲप माणसाला वापरायला सोपं जावं म्हणून कुठे काय ठेवायचं, कोणतं बटण केवढं करायचं, हे ती ठरवते. त्याला यूएक्स म्हणतात. कोर्स झाला आहे, नोकरी नाही. नोकरी मागायची तर केलेलं काम एका पानावर मांडून दाखवावं लागतं, तो पोर्टफोलिओ. तो पाठवते आणि नकार येतो. बऱ्याच ठिकाणांहून तर नकारही येत नाही. बरोबरची मैत्रीण लागली कामाला, त्याचाही सल तिच्या मनात आहे.

पोर्टफोलिओ सुधारून द्यायला एक बाई आहेत. त्या कंप्युटरवर दिसतात, आठवड्यातून दोनदा. मी त्यांना मास्तरीण म्हणतो. आज मला खुर्चीत बसवून बबडीने तिचं ॲप वापरायला दिलं. दवाखान्यात नंबर लावायचं ॲप आहे. मी एका दमात नंबर लावला. इतका खूश झालो की दुसऱ्यांदाही लावला.

संध्याकाळी मास्तरणीने माझा व्हिडिओ बघून तिची हजेरी घेतली. मी दाराशी ऐकत होतो. तुमचे आजोबा नवरदेवासारखे बसलेत, म्हणाल्या, त्यांना कुठे काही टोचतच नाही. त्यांना त्रासच नसेल तर तुम्ही सोडवलंत काय? बबडीचा चेहरा एवढासा झाला. मला वाईट वाटलं, आणि रागही आला. माणसाला एखादी गोष्ट जमली तर तोही गुन्हा झाला.

रविवार, ९ फेब्रुवारी

दोन दिवस ही पोर जेवणाच्या ताटावरही कंप्युटर घेऊन बसली आहे. आता एक लांब पान केलं आहे. डावीकडे ‘आधी’, उजवीकडे ‘नंतर’. उजवीकडे परवाचं चांगलं ॲप. डावीकडे तेच ॲप, वाईट केलेलं. मी विचारलं, हे वाईट कोणी केलं होतं? ती म्हणाली, कोणीच नाही, मीच आत्ता करते आहे. आधीचं कुरूप असल्याशिवाय नंतरचं उठून दिसत नाही. नवशिकी सगळी मुलं हेच करतात म्हणे.

म्हणजे नसलेलं दुखणं उभं करून त्यावर औषध दाखवायचं. मी बोललो तसं. ती म्हणाली, आबा, तुम्ही फक्त खुर्चीत बसा.

बसलो. डावीकडचं ॲप म्हणजे डोक्याला ताप. मी विचारलं, आता काय दाबू? तर ही गप्प. परत विचारलं तर म्हणते, तुम्हाला काय वाटतं? चाचणी घेणाऱ्याने मदत करायची नसते, असा नियम आहे. माझं डोकं उठलं. मी फोन टेबलावर आपटला तेव्हा तिने खुशीत माझा फोटो काढला आणि पानावर डावीकडे लावला. कपाळाला आठ्या, तोंड वाकडं. वर माझी समजूत घालते: चूक तुमची नाही आबा, रचनेची आहे.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

सकाळी चहा ठेवायला गेलो तर स्वयंपाकघराच्या दिव्याचं बटण सापडेना. दाराला लागून होतं, काळं होतं, मी स्वतः पाहिलं होतं. भिंतीवरून हात फिरवत राहिलो, लहान मूल पाटी पुसतं तसा. शेवटी बबडी आली आणि न बघताच टकदिशी दिवा लावला. मग दिसलं. बटण आता भिंतीच्याच रंगाचं आहे. नुसतं रंगवलेलं म्हणावं तर रंगाचा वास नाही, खरवडून पाहिलं तर खाली काळं नाही.

मी म्हटलं, हे बदललंस कधी? ती म्हणाली, आबा, मी कशाला बदलू, भाड्याचं घर आहे. आणि लगेच विचारलं, किती वेळ शोधत होतात? मनात काय येत होतं? लिहूनही घेतलं. मनात काय येत होतं ते मी सांगितलं नाही. शिव्या होत्या.

दुपारी तिच्या खुर्चीमागून गेलो तेव्हा सहज पाहिलं. डावीकडच्या ॲपमध्ये बटणाचा आणि मागचा रंग तिने काल एकच करून ठेवला आहे.

शनिवार, १५ फेब्रुवारी

डब्यांवरच्या चिठ्ठ्या गेल्या. कागद फाडल्याची खूण नाही, डिंकाचा डाग नाही, जणू कधी लावल्याच नव्हत्या. शेगडीच्या बटणांवरच्या खुणाही गेल्या. मी चहात मीठ घातलं, आणि ज्या बाजूला काही ठेवलंच नव्हतं तिथला गॅस सोडून बसलो. बबडीला वास आला म्हणून निभावलं. आणि नेमका त्याच वेळी मुलाचा फोन. तिने सांगितलं नाही, पण मागून माझी आरडाओरड त्याने ऐकलीच. बघू, एवढंच म्हणाला. त्याचं बघू मला ठाऊक आहे. तो लहान असताना मी त्याला सायकलीबद्दल तसंच बघू म्हणायचो.

मी बबडीला खुर्चीजवळ घेऊन गेलो आणि डावीकडे बोट दाखवलं. तिथेही अक्षरं काढून टाकलेली, नुसत्या गोल खुणा उरलेल्या. म्हटलं, तू इथे पुसतेस आणि ते घरात पुसलं जातं. तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की त्यापेक्षा ती ओरडली असती तर बरं. मग माझा हात धरून म्हणाली, मास्तरणींना आता कुठे आवडायला लागलंय, एका कंपनीने पोर्टफोलिओ मागवलाय, थोडे दिवस सांभाळून घ्या ना आबा. डोळे भरून आले होते तिचे. तिला नोकरी लागायची तर मी चुकायला हवं, आणि मला इथे राहायचं तर चुकून चालणार नाही. आम्ही दोघं एकाच पाटावर बसून तो दोन बाजूंनी ओढतो आहोत.

तेल कोणत्या डब्यात आणि पाणी कोणत्या, हे आता वासाने ओळखतो.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

आज दुपारी बाथरूममध्ये अडकलो.

दार लोटलं होतं, बाहेर यायला वळलो तर आतून कडी नाही. मूठ नाही. दार नुसतं गुळगुळीत, स्क्रूची भोकंसुद्धा नाहीत. मी हाका मारल्या. बबडीची पावलं दाराशी आली आणि थांबली. मी म्हटलं, उघड गं, कडी नाही इथे. बाहेरून तिचा आवाज आला, शांत, शिकवल्यासारखा: तुम्हाला काय वाटतं आबा, काय करायला हवं?

मी दारावर थापा मारल्या. मारता मारता रडलो, लपवून काय उपयोग.

शेवटी तिने उघडलं. घाबरली होती, चाचणीत मनातलं मोठ्याने बोलायचं असतं तसंच बोलताय असं वाटलं म्हणाली. मग कडी बघायला आत आली, दार लावून घेतलं आणि मला दाखवलं की ही काय कडी, चांगली सरकते आहे. मी तिच्या हाताकडे बघत होतो. तिने रिकाम्या फळीवर बोटं मिटली, काहीच न धरता मनगट सरकवलं. खट् असा आवाज आला. दार उघडलं.

तिची कडी आहे. माझी नाही.

संध्याकाळी मीच विचारलं, डावीकडे आज काय काढलंस. मागे जायचं बटण, म्हणाली.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

मला वेड लागलेलं नाही. गोदामात जन्मभर पेट्या मोजल्या, आजही न चुकता मोजीन.

काल बबडीला नीट बसवून सांगितलं, डावी बाजू काढून टाक. ती म्हणाली, डावी काढली तर उजवीला अर्थ काय? मग उजवी दाखवली. तिथे सगळं जागच्या जागी, ठळक, मोकळं. मला ते बघून असं झालं की आत पाऊल ठेवावं.

आज ती भाजी आणायला खाली गेली तेव्हा मी खुर्चीत बसलो. दुसरं काही येत नाही मला, पण ती चित्रं पकडून इकडून तिकडे नेते ते पाहिलं होतं. डावीकडचा माझा आठ्यांचा फोटो धरला आणि उजवीकडे ओढला. ओढता ओढता कोपराखाली कुठलंसं बटण दाबलं गेलं. पण आलं, चित्र आलं उजवीकडे. सोडलं. बसलं तिथे. काय हलकं वाटलं मला.

मग डावीकडे पाहिलं. तिथेही मी होतोच.

हललं नव्हतं. एकाचे दोन झाले होते. उजवीकडचा परत पुसावा म्हणून खूप खटपट केली, तेवढ्यात लिफ्टचं दार वाजलं. उठता उठता दिसलं की फोटो तोच आहे, पण उजवीकडच्याच्या कपाळाला आठ्या नाहीत.

बबडीने पाहिलं तेव्हा ती चिडली नाही. हे कसं सुचलं नाही मला, एवढंच म्हणाली.

रविवार, २३ फेब्रुवारी

सकाळी कपबश्यांच्या आवाजाने जागा झालो. बबडी म्हणत होती, आबा, आज चहा फक्कड झालाय. मला वाटलं टोमणा आहे. मी तर अजून अंथरुणातच होतो.

स्वयंपाकघरात गेलो. ती ओट्याला टेकून कप हातात घेऊन हसत होती. शेगडीपाशी एक म्हातारा पाठमोरा. अंगात माझा करडा स्वेटर. त्याने न बघता हात वर केला आणि दिव्याचं बटण दाबलं, पहिल्याच झटक्यात.

मी खाली पाहिलं. माझ्याही अंगात करडा स्वेटर होता.

बबडी, म्हटलं. ती माझ्या आरपार बघत अंगावरून सिंकपाशी गेली. तिचा खांदा मला लागायला हवा होता. लागला नाही.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

मुलाचा फोन. चित्र दिसणारा. तो दुसरा म्हातारा बसला समोर, फोन नीट हातात धरून. मला कधीच असा धरता आला नाही, माझं नेहमी अर्धं कपाळच दिसायचं.

मुलगा म्हणाला, आबा, काय तब्येत सुधारलीय तुमची. आता ती खाट नको म्हणून कळवून टाकतो.

तो म्हणाला, कळव कळव, मला इथे काही अडत नाही.

आवाज माझाच. मी तीन आठवडे हेच एक वाक्य ऐकायला जीव टाकत होतो, आणि ते ऐकताना मी सोफ्यामागे उभा राहून मुलाला हाका मारत होतो. मुलगा एकदा थांबला. काही आवाज येतोय का तिकडे, म्हणाला. बबडी म्हणाली, शेजारी काम चाललंय.

त्या म्हाताऱ्याने मागे वळून बघितलं. बबडीला मी दिसत नाही. त्याला दिसतो. दुकानदार बंद करायच्या वेळी आलेल्या गिऱ्हाइकाकडे बघतो, तसं बघितलं.

बुधवार

खायला डबे उघडतो. काय निघेल ते खातो. आज कच्चे तांदूळ.

खिडकी आहे, पण उघडायची कडी गेली. लॉन्ड्रीच्या पाटीवर अक्षरं नाहीत. बसच्या थांब्यावर माणसं नाहीत, माणसांच्या जागी करड्या चौकोनी खुणा.

बाहेरचं दार भिंतीत सरकलं आहे. चौकटीची एक कड तेवढी दिसते. नखं लावून ओढली. नखं गेली. तिने पुढे जायचं बटण पडद्याच्या बाहेर ढकललं असणार. कशाला गं, आता कशाला, झालं ना तुझं चांगलं.

मधल्या भिंतीपलीकडे ते जेवताहेत. ती त्याला वाढते आहे. तो तिला मुलाच्या लहानपणची गोष्ट सांगतो आहे, सायकलीची. माझी गोष्ट आहे ती. माझ्यापेक्षा चांगली सांगतो. ती हसते आहे. तिला इतकं हसताना मी आल्यापासून —

असो.

गुरुवार

कंपनीचा फोन आला. पोर्टफोलिओ आवडला. उद्या शेवटची मुलाखत. बबडी नाचली. मीही इकडे, आपला उभ्या उभ्या — खोटं कशाला बोलू, मलाही आनंद झाला. पोर आहे माझी.

तिच्या टेबलापर्यंत मला अजून जाता येतं. खुर्चीमागे उभा राहतो. पडद्यावर मास्तरीण होत्या. छान झालंय म्हणाल्या, एकच गोष्ट. बघणाऱ्यांना वेळ नसतो. ‘आधी’चं हे सगळं रचलेलं असतं हे आता सगळ्यांना माहीत आहे, उगाच शंका येते. डावी बाजू काढून टाका. नंतरचं आहे तेवढंच ठेवा, मग काम तुमचंच.

बबडी म्हणाली, उद्या सकाळी काढते.

मी म्हणत होतो तेच. काढ म्हणत होतो मीच. पण तेव्हा मी एकच होतो, आता —

शुक्रवार

छत खाली आलंय. बसून लिहितो.

लिहिलेलं ती कधीतरी वाचेल म्हणून लिहितो. वही तिनेच दिली. पण बैठकीत टेबलावर दुसरी तशीच वही आहे, तो तिच्यात लिहितो. काल वाकून पाहिलं. प्रत्येक पानावर एकच ओळ. आज काही अडलं नाही.

ती बसली खुर्चीत. केस विंचरलेत, चांगले कपडे घातलेत. डावी बाजू धरली तिने. सगळ्याभोवती निळी रेघ आली — इथेही आली, भिंतीच्या कडेने, पायाशी —

थांबली. बोट तसंच.

त्याला विचारते आहे. आबा, हा तुमचा रागावलेला फोटो होता, काढू का? गंमत म्हणून ठेवू?

ठेव म्हण. अरे ठेव म्हण. तूही मीच आहेस ना, तुला ठाऊक आहे इकडे कोण —

तो चष्मा पुसतो आहे. हसतो आहे. म्हणाला, काढ गं. मला आठवतसुद्धा नाही तो कधीचा.

बबडी, मी इथे, डावीकडे. तुझ्या हाताशी. काम मिळू दे तुला, पण आधी एकदा इकडे बघ, नुसतं बघ, मी काही मागत ना